सार्वभौम कोण? : वऱ्हाडच्या करारांतील दोन इंग्रजी शब्द

वऱ्हाडचा प्रश्न हा हिंदुस्थानच्या अर्वाचीन राजकीय इतिहासातील एक किचकट आणि म्हणूनच बहुधा टाळला गेलेला प्रश्न आहे. १८५३ पासून १९४७ पर्यंत हा प्रदेश इंग्रजांच्या प्रत्यक्ष कारभाराखाली होता. जमीनमहसूल, न्यायालये, शाळा, रेल्वे, कापसाच्या बाजारपेठा यांपैकी कोणत्याही बाबतीत अमरावती वा अकोला आणि शेजारचे नागपूर यांत सामान्य माणसाला जाणवेल असा फरक नव्हता. तरीही कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड 'ब्रिटिश इंडिया'चा भाग कधीच झाला नाही. मराठी इतिहासग्रंथांत ही गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकली जाते : वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा. वाक्य चुकीचे नाही. परंतु मराठीत ते जितके सरळ वाटते तितके ते ज्या भाषेत प्रथम लिहिले गेले त्या भाषेत सरळ नव्हते. तेथे 'सॉव्हरेन्टी' आणि 'सुझरेन्टी' असे दोन शब्द होते. दिसण्यात व उच्चारात एकमेकांजवळ उभे असलेले हे शब्द अर्थाने मात्र परस्परांच्या विरुद्ध बाजूंना बसवले गेले होते. मराठीने या दोहोंसाठी पुष्कळदा एकच 'सार्वभौम' शब्द वापरला आणि त्यामुळे शंभर वर्षे चाललेल्या वादाचे निम्मे कारणच मराठी वाचकाच्या नजरेआड झाले.

या दोन शब्दांची व्युत्पत्ती पाहिली तर त्यांच्या साम्यात योगायोगाचा भाग किती आणि अनुकरणाचा किती, हे ध्यानात येते. 'सॉव्हरेन' हा शब्द 'वर' या अर्थाच्या लॅटिन 'सुपर'पासून लोकभाषेत बनलेल्या 'सुपेरानुस' या रूपातून, जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. त्यात राज्य करणे या अर्थाच्या शब्दाशी काहीही मूळ संबंध नाही. परंतु इंग्रजी लेखकांना तो तसा वाटला आणि 'रेन' म्हणजे राज्य करणे या शब्दातील अनुच्चारित 'जी' हे अक्षर त्यात शिरले. मिल्टनने हे अक्षर गाळून शब्द लिहिला, पण रूढीपुढे त्याचे चालले नाही. लोकव्युत्पत्तीचा असा प्रताप वऱ्हाडी वाचकाला अपरिचित नाही. 'वऱ्हाड' या प्रदेशनामाचा उगम रुक्मिणीच्या लग्नाच्या वऱ्हाडात शोधणारी परंपरा त्याने ऐकलेली असतेच. 'सुझरेन' हा शब्द याहून नंतरचा. फ्रेंचमध्ये 'वर' याच अर्थाचे 'स्यु' हे अव्यय घेऊन, 'सॉव्हरेन'च्या फ्रेंच रूपाच्या साच्यावर तो घडवला गेला, आणि इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रुळू लागला. म्हणजे दोघांच्या मुळाशी 'वरचा' एवढीच कल्पना आहे. दुसरा शब्द पहिल्याच्या सावलीत वाढलेला आहे.

अर्थाचा फरक मात्र मूलगामी. सुझरेन हा सरंजामी व्यवस्थेतील वरिष्ठ धनी. त्याच्या हाताखाली दुसरा सत्ताधीश असल्याखेरीज त्याला अस्तित्व नाही. मांडलिक नसेल तर सुझरेन नाही. सॉव्हरेनची कल्पना याच्या उलट. झां बोदँ याने १५७६ मध्ये राज्यसत्तेवरील आपल्या ग्रंथात या सत्तेची जी लक्षणे सांगितली त्यांत ती निरपेक्ष व शाश्वत असणे ही दोन मुख्य. ज्याच्या हाती सत्ता काही मुदतीपुरती वा दुसऱ्याच्या वतीने सोपवलेली आहे तो सॉव्हरेन नव्हे, फक्त तिचा सांभाळ करणारा होय, असेही बोदँने स्पष्ट केले. वऱ्हाडच्या करारांकडे वळताना 'शाश्वत' आणि 'सांभाळ' हे दोन्ही शब्द लक्षात ठेवावे लागतात. शब्दाला अर्थ प्राप्त होतो तो शेजारच्या शब्दाहून असलेल्या भेदामुळे, हे सोस्यूरचे प्रतिपादन मराठी समीक्षेत आता सर्वपरिचित आहे. येथे त्या भेदाची किंमत चार जिल्ह्यांच्या महसुलात मोजली जात होती, एवढेच.

वऱ्हाडवरील निजामाचा हक्क शब्दांनी सुरू झाला नाही. अकोल्याच्या पश्चिमेस मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापूरच्या परिसरात ऑगस्ट १७२० मध्ये निजाम-उल्-मुल्क आणि सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान यांची लढाई झाली. आलम अली हा दख्खनच्या सुभ्यांचा नायब होता आणि त्याच्या बाजूने मराठ्यांची फौजही होती. तो रणात पडला व दख्खनचा मार्ग निजामाला मोकळा झाला. चार वर्षांनी, १७२४ मध्ये, साखरखेर्ड्याला मुबारिझ खानाचा पाडाव झाल्यावर निजामाची सत्ता निर्वेध झाली. आसफजाही राज्य ज्या दोन लढायांनी उभे राहिले त्या दोन्ही वऱ्हाडच्या भूमीवर झाल्या, या गोष्टीला पुढच्या वादात निजामाच्या वकिलांनी भावनिक वजन दिले असते तर ते वावगे ठरले नसते.

तथापि बाळापूरला जिंकलेल्या निजामाने आपण सॉव्हरेन आहोत असे कधी म्हटले नाही. तो बादशहाचा सुभेदार होता आणि कागदोपत्री सुभेदारच राहिला. हैदराबादची नाणी १८५७ च्या उठावापर्यंत दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच पाडली जात. बाळापूरच्याच नदीकाठी असलेली मिर्झाराजे जयसिंगाची छत्री या व्यवस्थेचे दुसरे टोक दाखवते. आंबेरचा हा राजा आपल्या वतनात राजा आणि दख्खनेत बादशहाचा मनसबदार होता. त्या दोन भूमिका वेगळ्या दाखवण्यासाठी मोगली दफ्तरात शब्दही वेगळे होते : पिढीजात प्रदेशाला 'वतन जागीर' आणि पगारापोटी नेमून दिलेल्या, केव्हाही बदलता येणाऱ्या प्रदेशाला 'तनखा जागीर'. कोणाचा हक्क मूळचा आणि कोणाचा सोपवलेला, याबद्दल त्या परिभाषेत संदिग्धता नव्हती. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाडच्या महसुलात वाटा बसवला तेव्हा जो दुअंमल निर्माण झाला तो रयतेला जाचक असेल, पण कोण कशाच्या नावाने वसुली करतो हे त्यातही ठाऊक असे. १८०३ मध्ये अडगावची लढाई व गाविलगडचा पाडाव यांनंतर देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडावा लागला आणि तो इंग्रजांच्या मध्यस्थीने निजामाकडे गेला. येथपर्यंत व्यवहार फारसी व मराठी शब्दांत होता. पन्नास वर्षांनी तो इंग्रजी शब्दांत होऊ लागला.

२१ मे १८५३ चा तह हा त्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा दस्तऐवज. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामावर इंग्रजांचे कर्ज साचले होते. डलहौसीला वऱ्हाड कायमचा तोडून हवा होता. निजाम नासिर-उद्-दौला त्याला तयार नव्हता. रेसिडेंट कर्नल लो याने जो मसुदा अखेरीस मान्य करून घेतला त्यात प्रदेश तोडून देण्याचा शब्द नाही. वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव हे प्रदेश रेसिडेंटच्या अनन्य व्यवस्थेखाली 'असाइन' केले गेले. दरसाल खरा हिशेब द्यावा व खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक निजामाला परत करावी, असे कलमही त्यात होते. पुढे या प्रदेशाचे सरकारी नावच 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' झाले आणि १८७० मध्ये लायलने त्याचे गॅझेटिअर सिद्ध केले ते याच नावाने.

'असाइन' या शब्दाला इंग्रजी कायद्यात एक अर्थ आहे : आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणे. ज्याने तो करून दिला त्याचे पुढे त्यात काही उरत नाही. त्याच शब्दाला व्यवहारात दुसरा, सौम्य अर्थ आहे : नेमून देणे. डलहौसीच्या कार्यालयाने पहिला अर्थ वाचला असणे शक्य आहे. हैदराबादच्या दरबाराने दुसराच वाचला, आणि तो वाचण्यास त्याला सबळ आधार होता. फौजेच्या खर्चासाठी मुलुखाचा महसूल नेमून देणे ही दख्खनमधील अत्यंत जुनी रीत होती. मोगलांत ती तनखा जागीर, मराठ्यांत सरंजाम. सरंजामदार मुलुखाचा मालक नसतो. फौज बाळगण्याची गरज संपली की सरंजाम सरकारजमा होतो. १८५३ चा तह मराठी परिभाषेत मांडायचा झाला तर इंग्रज सरकार हे वऱ्हाडपुरते निजामाचे सरंजामदार झाले, असेच म्हणावे लागते. हे वाक्य त्या काळी कोणी उघडपणे उच्चारले असते तर कलकत्त्यात हसे झाले असते. परंतु तहाचा शब्द त्याहून वेगळे काही सांगत नाही.

२६ डिसेंबर १८६० च्या तहाने रायचूर दुआब आणि धाराशिव परत गेले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, आणि वऱ्हाडबद्दल नवा शब्द आला : 'ट्रस्ट'. १८५३ मध्ये सांगितलेल्या हेतूंसाठी इंग्रज सरकारने हा प्रदेश विश्वासाने ताब्यात ठेवायचा होता. त्याच वेळी वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. विश्वस्ताला हिशेबातून मोकळे करणारी विश्वस्तव्यवस्था ही कायद्याच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटावी अशी रचना आहे. पहिल्या सालारजंगाने पुढे जो दीर्घ पत्रव्यवहार केला, १८७६ मध्ये इंग्लंडपर्यंत प्रवास केला, तो याच शब्दाच्या भरवशावर. ठेव ठेवणाऱ्याने फौजेच्या खर्चाची दुसरी हमी दिली की ठेव परत व्हावी, हा त्याचा युक्तिवाद साधा होता. १८७८ मध्ये सॉल्झबरीने त्याला नकार कळवला.

मधल्या काळात कायदेपंडितांनी 'सॉव्हरेन्टी' या शब्दावरच शस्त्रक्रिया केली होती. ऑस्टिनच्या मते ही सत्ता अविभाज्य. ती असते किंवा नसते. व्हाइसरॉयच्या मंडळाचा कायदा सभासद हेन्री मेन याने १८६४ मध्ये काठियावाडच्या संस्थानांसंबंधी लिहिलेल्या टिपणात याच्या उलट भूमिका घेतली : सॉव्हरेन्टी ही अनेक हक्कांची जुडी आहे, ती सोडवून निरनिराळ्या हातांत देता येते, अविभाज्य असते ते स्वातंत्र्य. हे टिपण हिंदुस्थानातील इंग्रजी राज्यशास्त्राला भलतेच सोयीचे ठरले. संस्थानिकाकडे जुडीतील काही काड्या आहेत असे म्हणून त्याला राजा म्हणता येई आणि उरलेल्या काड्या जिच्या हाती आहेत तिला नाव देण्यासाठी दुसरा शब्द मोकळा होता. १८८९ च्या इंटरप्रिटेशन अ‍ॅक्टमध्ये 'इंडिया'ची व्याख्या करताना राणीच्या 'सुझरेन्टी'खालील संस्थानिकांचे प्रदेश असा उल्लेख आला आणि हा शब्द कायद्याच्या पुस्तकात प्रविष्ट झाला.

त्याच सुमारास हाच शब्द आफ्रिकेत केवढा अनर्थ घडवीत होता हे येथे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण त्याची अस्थिरता तेथे उघडी पडली. ट्रान्सव्हालच्या बोअर प्रजासत्ताकाशी १८८१ मध्ये प्रिटोरिया येथे झालेल्या करारात राणीची सुझरेन्टी राखून ठेवलेली होती. १८८४ च्या लंडन करारात तो शब्द नाही. लॉर्ड डर्बीने तो गाळला व त्याची नेमकी कायदेशीर व्याख्या करता येत नाही म्हणून तो टाळल्याचे पार्लमेंटात सांगितले. १८९७ नंतर चेंबरलेनने असा पवित्रा घेतला की, शब्द गाळला तरी प्रास्ताविक रद्द झालेले नाही, म्हणून सुझरेन्टी कायम आहे. बोअरांचे म्हणणे, जो शब्द करारात नाही तो करारात नाही. १८९९ च्या युद्धाची कारणे सोन्याच्या खाणींत व मताधिकाराच्या वादात आहेत. पण युद्धापूर्वीचा पत्रव्यवहार वाचणाऱ्याला त्यात एका शब्दाच्या अनुपस्थितीवर किती कागद खर्ची पडला हे दिसल्यावाचून राहत नाही.

वऱ्हाडबाबत कर्झनने अधिक सावध मार्ग धरला. मार्च १९०२ मध्ये तो हैदराबादेत मीर महबूब अली खान यांना भेटला आणि ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला. त्याची रचना मार्मिक आहे. वऱ्हाडवरील निजामाच्या सॉव्हरेन्टीला 'पुन्हा पुष्टी' देण्यात आली आणि त्याच वाक्यात तो प्रदेश इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. भाडे वर्षाला २५ लाख रुपये, तेही ठरीव आणि कायमचे. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला.

या एका वाक्यातील तीन शब्द तीन दिशांना ओढतात. 'पुन्हा पुष्टी' म्हणजे जे पूर्वी मान्य होते ते आता नव्याने मान्य. परंतु १८५३ व १८६० च्या तहांचा भर हिशेब, फौज आणि विश्वास यांवर आहे. आणि बाळापूरच्या विजेत्याने तर तो दर्जा स्वतःसाठीही मागितला नव्हता. जी गोष्ट मूळ सनदेत शोधू गेल्यास हाती लागत नाही तिला दुजोरा देऊन कर्झनने निजामाला त्याच्या पूर्वजांकडेही नसलेली एक वस्तू बहाल केली. दुसरा शब्द 'पट्टा'. वऱ्हाडी माणसाला तो नवा नव्हता. यवतमाळकडील जंगलपट्ट्यात इजाऱ्याने गावे वसवली जात होती, आणि इजारदार म्हणजे मालक नव्हे हे कुणबी-माळ्यांनाही कळत होते. तिसरा शब्द 'कायमचा'. मालक कायम, भाडेकरूही कायम. ज्या मालकाला भाडे वाढवता येत नाही, पट्टा मोडता येत नाही, जमिनीवर पाय ठेवण्यासाठीही भाडेकरूची अनुज्ञा लागते, त्याचे मालकपण व्याकरणात तेवढे शिल्लक असते. बोदँने सॉव्हरेन्टीचे लक्षण म्हणून जी शाश्वतता सांगितली होती ती या करारात भाडेकरूच्या पदरात टाकण्यात आली आणि तिचे नाव मात्र मालकाकडे राहिले. कर्झनच्या कार्यालयात हे कोणी हेतुपूर्वक योजले असेल वा नसेल. संहिता तसे वाचू देते एवढे निश्चित.

या शब्दरचनेचे परिणाम केवळ दरबारी नव्हते. वऱ्हाड ब्रिटिश इंडियात नसल्याने तेथे कायदे आपोआप लागू होत नसत. ते परकीय अधिकारक्षेत्रासंबंधीच्या तरतुदीखाली हुकमाने लागू करावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडचे मतदार मध्यप्रांताच्या कायदेमंडळासाठी सभासद निवडत, आणि निवडून आलेला सभासद तांत्रिकदृष्ट्या सरकारनियुक्त म्हणून सभागृहात बसे. कायद्याने तो परमुलखाचा रहिवासी होता. अमरावतीला १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेव्हा ते ज्या भूमीवर भरले ती ब्रिटिश हिंदुस्थानची नव्हती, ही गोष्ट त्या अधिवेशनाच्या वर्णनांत सहसा येत नाही. वऱ्हाडच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांची अडचण दुहेरी होती. इंग्रजांचा अंमल त्यांना नको होता. पण इंग्रजांचा हक्क खोटा ठरवण्याचा सर्वांत सोपा कायदेशीर मार्ग निजामाच्या हक्काकडे नेत होता, आणि तो तर त्यांना त्याहून नको होता. यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला तो नेमका या पेचाच्या दिवसांत, निजामाने वऱ्हाड परत मागितल्याला वर्ष होते न होते तोच. प्रादेशिक इतिहासाच्या अशा लेखनामागे केवळ पुराणवस्तूंचे कुतूहल असते असे मानणे भाबडेपणाचे आहे.

१९२३ मध्ये मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाडच्या परतीची मागणी केली. ती फेटाळली गेल्यावर १९२५ च्या पत्रात त्यांनी युक्तिवाद पुढे नेला : परराष्ट्रव्यवहार वगळता अंतर्गत बाबतीत निजाम आणि इंग्रज सरकार समान पातळीवर आहेत, तेव्हा एका पक्षाने दुसऱ्याची मागणी एकतर्फी नाकारणे योग्य नाही. १९०२ चा शब्द हाती घेऊन पाहिले तर यात अतिशयोक्ती नाही. ज्याची सॉव्हरेन्टी लेखी मान्य केली आहे तो समान पातळीवर असणारच. लॉर्ड रीडिंगचे २७ मार्च १९२६ चे उत्तर हे या सबंध प्रकरणातील सर्वांत निर्णायक लेखन होय. इंग्रज राजमुकुटाची सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, ती केवळ तहांवर व करारांवर आधारलेली नाही आणि म्हणून कोणत्याही संस्थानिकाला समान पातळीवरून वाटाघाटीचा दावा करता येणार नाही, असा त्याचा आशय. लक्षणीय आहे ती शब्दाची निवड. राजमुकुटाच्या सत्तेसाठी रीडिंगने जो शब्द योजला तो 'सुझरेन्टी' नव्हे, 'सॉव्हरेन्टी' होय. चोवीस वर्षांपूर्वी जो शब्द निजामाच्या नावे पुष्ट केला होता तोच आता त्याच्या डोक्यावरून वर उचलला गेला. दोन्ही शब्दांतील भेद जोवर इंग्रज सरकारच्या उपयोगाचा होता तोवर तो राखला गेला. तो निजामाच्या उपयोगी पडू लागताच एका पत्राने पुसला गेला. रीडिंग हा इंग्लंडचा सरन्यायाधीश राहिलेला गृहस्थ होता. त्याला शब्दांची किंमत ठाऊक नव्हती असे कोणी म्हणणार नाही.

भेद पुसला, पण कागदावरून तो नाहीसा करणे शक्य नव्हते. १९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा एक गव्हर्नरचा प्रांत केला तेव्हाही वऱ्हाडवरील निजामाच्या सॉव्हरेन्टीचा उल्लेख करावा लागला, आणि २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात ती पुन्हा एकदा मान्य करून निजामाच्या पदवीत 'हैदराबाद व वऱ्हाड' असा विस्तार करण्यात आला. युवराज आझम जाह यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. सत्तेची भरपाई नामाभिधानाने करण्याची ही पद्धत इंग्रजांनी मोगलांकडूनच उचलली होती.

खरी कसोटी १९४७ मध्ये आली. इंडियन इंडिपेंडन्स अ‍ॅक्टच्या सातव्या कलमाने संस्थानांवरील इंग्रज राजाची 'सुझरेन्टी' संपुष्टात आली आणि तिच्याबरोबर संस्थानिकांशी झालेले तह व करारही. रीडिंगने वापरलेला शब्द येथे नाही. १८८९ चा शब्द परतला आहे. वाचनाचा प्रश्न असा उभा राहिला : सुझरेन्टी संपली, करार संपले, म्हणजे १९०२ चा कायमचा पट्टाही संपला, मग वऱ्हाडवर उरते काय? ज्याला कोणी कधी रद्द केले नाही ते निजामाचे सॉव्हरेन्टीचे नाव. हैदराबादच्या शिष्टमंडळाने जुलै १९४७ मध्ये माउंटबॅटनपुढे वऱ्हाडचा विषय काढला तो याच तर्काने, आणि निव्वळ शब्दांच्या पातळीवर त्या तर्कात खोट काढणे अवघड आहे. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यात मराठी भाषक प्रदेशांच्या पुढाऱ्यांनी जो करार केला त्याची चर्चा संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात पहिली पायरी म्हणून होते, ते रास्तच आहे. परंतु बरोबर एका आठवड्याने वऱ्हाडचा कायदेशीर धनी कोण, हा प्रश्न उघडा पडणार होता, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय ही बैठक ऐन त्या आठवड्यात, अकोल्यात बसण्याची निकड पुरती उमगत नाही. व्यवहारात वऱ्हाड मध्यप्रांतातच राहिला. सप्टेंबर १९४८ च्या कारवाईने वादाचा व्यावहारिक आधार संपला आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारतीय संविधान स्वीकारले.

आता मराठीकडे वळावे लागते. 'सॉव्हरेन्टी'साठी रूढ झालेला 'सार्वभौमत्व' हा शब्द संस्कृतातून घेतला, पण त्याचा अर्थ संस्कृतातून आला नाही. अमरकोशात सार्वभौम हा चक्रवर्तीचा पर्याय म्हणून येतो, आणि त्याच्या समोर इतर राजा म्हणून येतो तो मंडलेश्वर. म्हणजे संस्कृत राज्यव्यवहारात सार्वभौम हा सापेक्ष शब्द आहे. त्याच्या खाली मांडलिक राजे असतात म्हणून तो सार्वभौम. इंग्रजीतील ज्या शब्दाशी त्याचे खरे नाते जुळते तो 'सुझरेन' होय. अर्वाचीन मराठीने तो उचलून दुसऱ्याच, एकट्याने उभ्या असणाऱ्या कल्पनेवर बसवला. मग सुझरेन्टीसाठी शब्दच उरला नाही. 'अधिसत्ता', 'अधिराज्य', 'सर्वश्रेष्ठ सत्ता' असे तात्पुरते पर्याय येत-जात राहिले. कित्येकदा 'मांडलिकत्व' या शब्दाने तेच नाते उलट बाजूने, खालून सांगितले गेले. परक्या राज्यपरिभाषेला देशी शब्द योजण्याचा उद्योग या भूमीत शिवकाळातच झाला होता. राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले तेव्हा त्यामागे दफ्तराचा प्रत्यक्ष व्यवहार होता, चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी कचेरीत उघडकीस येई. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील मराठी प्रतिशब्दांना ती सोय नव्हती. तह इंग्रजीत होत, वाद इंग्रजीत चाले, आणि मराठीत पोहोचे तो निकाल. त्यामुळे १९०२ मधील 'सार्वभौमत्व निजामाचे' आणि १९२६ मधील 'सार्वभौम सत्ता इंग्रजांची' ही दोन विधाने मराठी पुस्तकांत चार पानांच्या अंतराने निर्वेधपणे नांदतात. वाचकाला विसंगती जाणवली तरी ती लेखकाची वाटते. वस्तुतः ती रीडिंगची आहे, आणि तिच्यातच त्या इतिहासाचा मर्मभाग आहे.

संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'सार्वभौम' हा शब्द आता स्थिर झाला असून त्यात बदल सुचवण्याचे कारण नाही. संस्थानी काळाच्या लेखनात मात्र 'सार्वभौमत्व' आणि 'अधिसत्ता' ही जोडी काटेकोरपणे वेगळी ठेवणे, आणि मूळ दस्तऐवजात यांपैकी कोणता शब्द आहे हे प्रत्येक वेळी नोंदवणे, हे मराठी इतिहासलेखनाला सहज शक्य आहे. 'सुझरेन्टी' हा शब्द अजून पुरता मेलेला नाही. तिबेटवरील चीनच्या हक्कांसाठी ब्रिटनने तो १९१४ च्या सिमला परिषदेपासून जपून ठेवला होता आणि २००८ मध्ये, कालबाह्य म्हणून, अधिकृतपणे टाकून दिला.

वऱ्हाडवरचे नाव तेवढे त्यानंतरही काही वर्षे फिरत राहिले. आझम जाह १९७० मध्ये वारले तेव्हा ते 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणूनच ओळखले जात. त्यांची पत्नी दुर्रुशेहवार ही शेवटचा उस्मानी खलिफा दुसरा अब्दुल मजीद याची कन्या. अंकाराच्या विधिमंडळाने १९२२ मध्ये सुलतानपद नष्ट करून, राज्यसत्ता काढून घेतलेले खिलाफतीचे पद त्याच्याकडे दिले होते. तेही १९२४ मध्ये गेले. दुर्रुशेहवार २००६ मध्ये लंडनला निवर्तल्या. तोवर बाळापूर महाराष्ट्र राज्याच्या अकोला जिल्ह्यातील एक तालुका होऊन बराच काळ लोटला होता.